सोरोरिटी-फ्रॅटर्निटीत जाण्याआधी: अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींसाठी

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारी मराठी मुलंमुली दर उन्हाळ्यात मला सोरोरिटी (मुलींच्या) आणि फ्रॅटर्निटी (मुलांच्या) या विद्यार्थी-संस्थांबद्दल साधारण तेच प्रश्न विचारतात. रशला, म्हणजे त्यांच्या सभासद-भरतीला, जाऊ का? आम्हाला घेतील का? घेतलंच, तर तिथे आम्ही फोटोपुरते असू की खरंच त्यांच्यातले? आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो: हे रॅगिंगचे अड्डे ना, मग हवेत कशाला?

मी दक्षिणेकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात रशमधून गेले, पुढे एका दक्षिण आशियाई सोरोरिटीची सभासद झाले आणि आता तिथल्याच मुलींची सल्लागार म्हणून काम करते. या संस्थांत जाऊच नका असं मी म्हणणार नाही. परक्या देशात आजारपणात डबा आणून देणारी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सोबत जागणारी माणसं मला तिथेच मिळाली. पण कुठल्या घरात, म्हणजे कुठल्या संस्थेत, वेगळ्या रंगाची मुलं नुसती चालवून घेतली जातात आणि कुठल्या घरात त्यांचं मत मोजलं जातं, यात फार अंतर आहे. इन्स्टाग्रामवर ते दिसत नाही. ते कसं ओळखायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

१. कोण कुणाच्या छत्राखाली आहे ते आधी समजून घ्या

नवीन मुलांना वाटतं की नावाला ग्रीक अक्षरं लावणारी सगळी मंडळी एकाच माळेतली. प्रत्यक्षात कॅम्पसवर तीन-चार वेगवेगळी मंडळं असतात. प्रत्येकाची प्रवेशाची रीत, वेळापत्रक आणि खर्च वेगळा असतो.

पहिलं पॅनहेलेनिक मंडळ. यात नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या, म्हणजे एनपीसीच्या, २६ सोरोरिटी येतात. मोठी खांबांची घरं आणि ऑगस्टमधले व्हिडिओ बहुतेक यांचेच. ही परिषद १९०२ सालची. मुलांच्या बाजूला असंच जुनं आंतरफ्रॅटर्निटी मंडळ असतं, आयएफसी. दोन्ही ठिकाणी ऐतिहासिकदृष्ट्या गोऱ्या विद्यार्थ्यांचंच वर्चस्व राहिलं आहे.

दुसरं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या नऊ संस्थांचं मंडळ, एनपीएचसी. लोक यांना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात. यातली सर्वांत जुनी अल्फा फाय अल्फा, १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेली. अल्फा कप्पा अल्फा ही यातली पहिली सोरोरिटी १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात निघाली आणि हे मंडळही हॉवर्डमध्येच १९३० साली स्थापन झालं. चेन्नईच्या श्यामला गोपालन यांची मुलगी कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना अल्फा कप्पा अल्फाचीच सभासद झाली.

तिसरं लॅटिनो संस्थांचं आणि चौथं आशियाई, दक्षिण आशियाई आणि बहुसांस्कृतिक संस्थांचं. अनेक कॅम्पसवर ही दोन एकाच बहुसांस्कृतिक मंडळात असतात. आपल्या लोकांनी सुरू केलेल्या संस्था इथे सापडतील: बिंगहॅम्टनमध्ये १९९४ साली निघालेली आयोटा न्यू डेल्टा, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात १९९८ साली सुरू झालेल्या डेल्टा एप्सिलॉन साय आणि कप्पा फाय गॅमा, टेक्सस ए अँड एमची डेल्टा कप्पा डेल्टा. सिग्मा बीटा रो १९९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाली आणि स्वतःला बहुसांस्कृतिक म्हणवते.

वंशाच्या कारणावरून यातल्या कुठल्याही संस्थेत तुम्हाला अधिकृत बंदी नाही. डिव्हाइन नाइनचं दारही सर्वांना खुलं आहे.

या सोशल फ्रॅटर्निटींना फाय बीटा कप्पासारख्या गुणवत्ता-संस्था समजू नका. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेल्या त्या संस्थेचं सभासदत्व आज मार्कांवर मिळतं, तिथे रश नसतो. आणि मास्टर्सला आला असाल तर रशचा बहुतेक भाग तुम्हाला लागू होत नाही, ही व्यवस्था मुख्यतः पदवीच्या मुलांची आहे.

२. इतिहास वाचा, कारण आजच्या चालीरीती तिथूनच आल्या आहेत

पुष्कळ मुलं हा भाग सोडून देतात. मला तो सर्वांत गरजेचा वाटतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मोठ्या फ्रॅटर्निटींच्या घटनेतच लिहिलेलं असे की सभासद गोरा आणि ख्रिस्ती हवा. ज्यू विद्यार्थ्यांनी म्हणून स्वतःच्या संस्था काढल्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जपानी वंशाच्या मुलींना इतर सोरोरिटीत जागा नव्हती, तेव्हा त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी काय अल्फा डेल्टा सुरू केली. म्हणजे आज ज्यांना कुणी ‘वेगळी चूल मांडणारे’ म्हणतं, त्यांना मुख्य घरात येऊच दिलं नव्हतं.

काही मुलांनी आतूनही प्रयत्न केला. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कप्पा साय फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरने, म्हणजे तिथल्या शाखेने, एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं. राष्ट्रीय संस्थेने तो चॅप्टरच निलंबित केला. मुलं मागे हटली नाहीत आणि चॅप्टर स्वतंत्र झाला. १९६५ साली स्टॅनफर्डच्या सिग्मा काय चॅप्टरच्या वाट्यालाही याच कारणाने निलंबन आलं. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने १९५३ साली भेदभाव रोखण्यासाठी राष्ट्रीय संस्थांशी जोडलेल्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटींवर बंदी घातली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि विद्यापीठाचा निर्णय टिकला.

पुढे लेखी अटी गेल्या. पण शिफारसपत्रं, माजी सभासदांची पसंती, आई किंवा आजी सभासद असलेल्या मुलींना प्राधान्य, गुप्त मतदान हे सगळं राहिलं. यात ‘वंश’ हा शब्द कुठेही नाही, तरी परिणाम तोच होऊ शकतो. आपल्या आयांनी पुण्या-नागपुरात पदवी घेतली, त्या इथल्या सोरोरिटीत कुठून असणार?

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण अलाबामा विद्यापीठाचं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तिथे १९६३ साली प्रवेश मिळाला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, ‘द क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापलं की उत्तम गुण आणि चांगली ओळख असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला पारंपरिक गोऱ्या सोरोरिटींनी वगळलं. चॅप्टरमधल्या काही मुलींना ती हवी होती. अडवलं माजी सभासदांनी, असं त्या मुलींनी उघडपणे सांगितलं. कॅम्पसवर मोर्चा निघाला, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी भरती पुन्हा खुली करायला लावली आणि अनेक कृष्णवर्णीय मुलींना बिड, म्हणजे सामील होण्याचं आमंत्रण, मिळालं. दीड वर्षाने, मार्च २०१५ मध्ये, ओक्लाहोमा विद्यापीठात सिग्मा अल्फा एप्सिलॉनच्या मुलांचा बसमध्ये वर्णद्वेषी घोषणा देतानाचा व्हिडिओ बाहेर आला. विद्यापीठाने तो चॅप्टर बंद केला आणि दोन विद्यार्थ्यांना काढलं.

अलाबामाच्या प्रकरणातून मी एक गोष्ट उचलली. चॅप्टरमधल्या मुली मनाने चांगल्या असणं पुरेसं नसतं. निर्णय कुणाच्या हातात आहे हे विचारावंच लागतं. खालचे प्रश्न त्यावरच बेतले आहेत.

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागा इथे आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे नेत होते, त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस हे अल्फा फाय अल्फाचे मानद सभासद. मार्टिन लूथर किंग आणि सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थर्गुड मार्शल हेही अल्फाचेच. या संस्थांकडे नुसते नाचणारे, पावलं ठोकणारे गट म्हणून पाहू नका.

३. आपल्या कॅम्पसचे नियम शोधा

पाच गोष्टी ऑगस्टआधीच बघून ठेवा.

रश कधी आहे: काही ठिकाणी वर्ग सुरू होण्याआधी, कॉर्नेल आणि व्हँडरबिल्टसारख्या ठिकाणी पहिलं सत्र संपल्यावर. काही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलांना सामील व्हायलाच मनाई असते.

विद्यापीठाचा हेझिंग (इथलं रॅगिंग) अहवाल: डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार कुठल्या विद्यार्थी-संस्थेवर हेझिंगचा ठपका आला, हे विद्यापीठांनी संकेतस्थळावर जाहीर करायचं असतं. पेनसिल्व्हेनिया आणि टेक्ससमध्ये असे राज्य कायदे त्याआधीपासून आहेत. आवडलेल्या संस्थेचं नाव त्यात आहे का, ते आज रात्रीच बघा.

राज्याचा कायदा: टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशाची कार्यालयं कायद्याने बंद झाली. अलाबामातही त्याच वर्षी तसा कायदा लागू झाला. विद्यार्थ्यांच्या संस्थांना यातून सूट आहे, म्हणून बहुसांस्कृतिक सोरोरिटी बंद पडलेल्या नाहीत. पण पूर्वी त्यांना हॉल, निधी आणि पूर्णवेळ सल्लागार मिळवून देणारं कार्यालय गेलं असेल, तर तो भार विद्यार्थ्यांवर येतो. बहुसांस्कृतिक मंडळाचा सल्लागार आज कोण आहे, हे फ्रॅटर्निटी-सोरोरिटी कार्यालयाला ईमेल करून विचारा.

चौथी गोष्ट किमान जीपीए आणि पाचवी किती क्रेडिट पूर्ण हवेत. डिव्हाइन नाइनमध्ये बहुतेक ठिकाणी काही क्रेडिट झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही, तेव्हा पहिल्या सत्रात घाई करू नका.

४. कागदपत्रं, पैसे आणि व्हिसा

हे जवळ ठेवा:

- विद्यापीठाचा आयडी आणि नावनोंदणीचा पुरावा
- बारावीची गुणपत्रिका किंवा, एक सत्र झालं असेल तर, इथलं ट्रान्सक्रिप्ट (बारावीचे टक्के जीपीएत कसे मोजतात ते नोंदणी कार्यालयाला विचारा)
- एक साधा, चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो
- एका पानाचा परिचय: शाळेतलं काम, सेवाकार्य, छंद
- सेवाकार्याचा पुरावा, विशेषतः डिव्हाइन नाइन आणि बहुसांस्कृतिक संस्थांसाठी. गावाकडच्या ग्रंथालयात किंवा गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिरात केलेलं कामही चालतं, कुणाचं तरी पत्र मात्र हवं
- रशची नोंदणी फी भरण्यासाठी कार्ड

शिफारसपत्राची अट अलीकडे बऱ्याच सोरोरिटींनी काढून टाकली आहे. त्यासाठी पैसे मागणारे सल्लागार भेटले तर लांब राहा.

पैशांबद्दल स्पष्ट बोला. नवीन सभासदाची एकदाची फी, दर सत्राची वर्गणी, राष्ट्रीय संस्थेची फी, टी-शर्ट, फॉर्मल पार्ट्या, आणि घरात राहायचं तर भाडं आणि जेवण. मोठं घर असलेल्या चॅप्टरचा वर्षाचा खर्च काही हजार डॉलरवर जातो. घर नसलेल्या बहुसांस्कृतिक संस्थांचा सहसा बराच कमी असतो. रुपयांत हिशोब करून घरी आधीच सांगा. आणि चॅप्टरला नेमकं विचारा: हप्ते मिळतात का, मधेच सोडलं तर उरलेली रक्कम भरावी लागते का?

एफ-१ व्हिसावर असाल तर दोन गोष्टी. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. चॅप्टरच्या घरात काम करून भाड्यात सूट मिळवायची असेल, तर ते काम धरलं जाऊ शकतं, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी विचारा. दुसरं, दारू पिण्याचं वय इथे २१ आहे. अमेरिकन मित्राला अटकेचा जो त्रास होईल त्यापेक्षा तुमचा त्रास मोठा असेल, कारण तुमचा व्हिसा पणाला लागतो.

५. रशच्या आठवड्यात काय होतं

एनपीसीचा रश मला बघण्याच्या कार्यक्रमासारखा वाटला. दोन्ही बाजू हसून बोलतात आणि दोन्ही बाजू मनात गुण देतात. पहिल्या फेरीत सगळ्या घरांत थोडा थोडा वेळ, दुसरीत सेवाकार्याची माहिती, तिसरीत भगिनीभाव, शेवटी प्रेफरन्स फेरीत बहुतेक ठिकाणी दोनच घरं. प्रत्येक फेरीनंतर तुम्ही घरांना क्रम देता, घरं तुम्हाला देतात, आणि संगणक जुळवणी करतो. तुमच्या गटाला एक मोठी मुलगी सोबत असते. तेवढ्या काळापुरतं तिने आपल्या चॅप्टरशी नातं बाजूला ठेवलेलं असतं. तिला सगळं विचारा. मुलांच्या फ्रॅटर्निटीत हे बरंच सैल असतं: बार्बेक्यू, खेळ, गप्पा, मग बिड.

आपल्याला काय जड जातं ते सांगते. मोठ्या आवाजातल्या त्या हॉलमध्ये नाव सांगायचं. मृण्मयी, ज्ञानदा, हृषीकेश ही नावं पहिल्यांदा त्यांना जमणार नाहीत. दोनदा शांतपणे म्हणून दाखवा, पण स्वतःहून ‘मला मिया म्हणा’ असं म्हणू नका. नाव नीट शिकण्याची कुणी तसदी घेतं का, ही तुमची पहिली कसोटी आहे आणि ती फुकट आहे. मला एका घरात संपूर्ण वेळ योगा, मसाले आणि बॉलीवूड एवढंच विचारलं गेलं. दुसऱ्या घरात एका मुलीने विचारलं की तू इथे शिकायला हाच विषय का निवडलास. फरक तिथेच कळतो. कपड्यांत सलवार-कमीज घालायची असेल तर जरूर घाला, घातली नाही तरी काही बिघडत नाही.

बहुसांस्कृतिक आणि दक्षिण आशियाई संस्थांत वेगळं असतं. माहितीसत्रं, एखादी गरब्याची रात्र, अभ्यासाचा तास, मग मुलाखत. तिथे गर्दी कमी असल्याने तुम्ही खरोखर कसे आहात हे लोकांना दिसतं आणि त्यांचंही तुम्हाला. डिव्हाइन नाइनमध्ये भरती गाजावाजा न करता होते. आधी त्यांच्या सेवाकार्यात आणि व्याख्यानांना जा, त्यांचा इतिहास वाचा, आणि ‘मला घ्या’ असं सोशल मीडियावर लिहू नका. त्यांचे हातवारे, हाका आणि स्ट्रोल (रांगेत ठेक्यावर केलेली चाल) ही त्यांची पिढ्यांची मिळकत आहे. सभासद नसताना नक्कल करणं लोकांना लागतं, आणि लागायलाच हवं.

६. विचारायचे प्रश्न

‘तुमच्याकडे विविधता आहे का?’ हा प्रश्न विचारूच नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी हे विचारा:

- गेल्या तीन वर्षांत अध्यक्ष, खजिनदार आणि भरतीप्रमुख कोण होते? वेगळ्या वंशाची मुलगी फक्त ‘विविधता समिती’ची प्रमुख असेल आणि पैसा, भरती, घर ही खाती कायम एकाच वर्तुळात फिरत असतील, तर ते लक्षात घ्या.
- नवीन सभासद निवडताना मत कुणाला? माजी सभासद किंवा सल्लागार कुणाला अडवू शकतात का?
- नातेवाइकांना प्राधान्य अजून आहे का?
- पार्टीची थीम कोण ठरवतं? आक्षेप आला तर ती थीम रद्द झाल्याचं एखादं उदाहरण आहे का? टिकल्या लावून ‘इंडियन नाइट’ करणारी घरं अजून आहेत.
- घराच्या स्वयंपाकघरात शाकाहारी, हलाल, उपवासाचं काय? सॅलड हेच उत्तर असेल तर वर्षभराच्या जेवणाचे पैसे भरण्याआधी विचार करा.
- आणि सर्वांत महत्त्वाचं: दुसऱ्या वर्षात सोडून कोण गेलं?

या शेवटच्या प्रश्नावर मी अडून बसते. पहिल्या वर्षी चार-पाच रंगांची मुलं घेणं सोपं आहे. तिसऱ्या वर्षी त्यातली किती उरली, यात खरी परीक्षा आहे. जमलं तर सोडून गेलेल्या एकीशी बोला. ती तुम्हाला वाचनालयात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात किंवा तुमच्याच वर्गात भेटेल. पाच मिनिटांत जे कळेल ते सगळ्या रशमध्ये कळत नाही.

७. सही करण्याआधी

एनपीसी सोरोरिटींच्या प्रेफरन्स फेरीनंतर लगेच एका करारावर सही घेतात. थकलेल्या मुली न वाचता सही करतात. तुम्ही यादीत लिहिलेल्या घराचं बिड आलं आणि तुम्ही ते नाकारलं, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत त्या कॅम्पसवर दुसऱ्या एनपीसी सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून ज्या घरात तुम्हाला अजिबात जायचं नाही, ते नुसतं जागा भरायला यादीत लिहू नका. उलट, एकच नाव लिहिलं आणि ते जुळलं नाही, तर हाती काही न लागण्याची शक्यता वाढते. दोन्ही धोके समजून ठरवा. वेळ मागा, बाहेर जाऊन आईला फोन करा, कुणी घाई केली तरी चालेल.

एकदा दीक्षाविधी झाला की एनपीसीतली दुसरी सोरोरिटी कायमची बंद होते, हेही ध्यानात असू द्या.

८. देसी संस्थेत जाणार असाल तर

दक्षिण आशियाई संस्थेत गेलो म्हणजे समावेशाचा प्रश्न सुटला, असं समजणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. तिथेही दारं असतात, फक्त ती आपल्याला ओळखीची असल्याने दिसत नाहीत.

इथे जन्मलेली मुलं नुकत्याच आलेल्यांना ‘फॉब’ (फ्रेश ऑफ द बोट, बोटीतून नुकताच उतरलेला) म्हणून हसतात. आलेली मुलं इथल्यांच्या मोडक्या भाषेवर हसतात. सगळे कार्यक्रम हिंदी गाण्यांवर आणि उत्तर भारतीय लग्नाच्या थाटात होतात. तमिळ, बांगलादेशी, नेपाळी, श्रीलंकन, गयानाहून आलेली मुलगी कोपऱ्यात उभी राहते. दिवाळीला मोठा हॉल आणि ईदला एक पोस्ट, हे मुस्लिम सभासद मोजत असतात.

आणि जात. ‘आडनाव काय?’, ‘गाव कुठलं?’, ‘घरी नॉनव्हेज चालतं का?’ हे प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारले जातात ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ते प्रश्न विमानात बसून इथेही येतात. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घालणारं सिॲटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. कॅलिफोर्निया राज्याचा तसा कायदा मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारला. तुमच्या चॅप्टरच्या नियमावलीत जातीचा उल्लेख आहे का, हे विचारा, आणि नसेल तर सभासद झाल्यावर ठराव मांडा. गोऱ्या घरात आपल्याला बरोबरीची जागा हवी असं म्हणताना आपल्या घरात कुणाला खाली बसवलंय, हे बघायलाच लागेल. आमच्या चॅप्टरमध्ये हा ठराव मांडला तेव्हा काही मुलींनी ‘इथे जात कुठे आहे?’ असं विचारलं. नेमक्या त्याच खोलीत एक मुलगी वर्षभर आडनाव न सांगता वावरत होती.

९. हेझिंग: ‘परंपरा’ म्हणून काहीही सहन करू नका

हेझिंग म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग, पण इथे ते तुमच्या होकारावर चालतं. ‘नको असेल तर जा’ असं सांगतात, आणि जायला धैर्य लागतं. अनेक राज्यांच्या कायद्यात पीडिताची संमती हा बचाव मानला जात नाही, हे लक्षात ठेवा.

हे फक्त मोठ्या गोऱ्या फ्रॅटर्निटीत होतं, असं नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा एक आशियाई विद्यार्थी पाय डेल्टा साय या आशियाई फ्रॅटर्निटीच्या पेनसिल्व्हेनियातल्या विधीत गेला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वजन, अंगावर धावून येणारी मुलं. आशियाई माणसाने सोसलेला भेदभाव त्यातून अनुभवायचा, अशी त्या विधीमागची कल्पना होती. मुलाला दवाखान्यात न्यायलाही उशीर केला आणि त्याचा जीव गेला. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी घातली. समाजाच्या दुःखाचा इतिहास शिकवण्यासाठी नवीन पोराचं अंग मोडायला लागतं, असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या, मग ते आपलेच लोक असोत.

फोन काढून घेणं, झोपू न देणं, ‘कुणाला सांगू नकोस’, ठिकाण न सांगता शहराबाहेर नेणं, जबरदस्तीने पाजणं किंवा खाऊ घालणं: यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. कुणी बेशुद्ध असेल तर ९११ लावा. अनेक राज्यांत अशा वेळी मदत मागणाऱ्याला अल्पवयीन दारूच्या गुन्ह्यातून सूट आहे. आपल्या राज्यात ती आहे का, ते सत्राच्या पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

१०. काही खटकलं तर

त्याच रात्री तारीख, जागा, कोण होतं, काय शब्द वापरले हे लिहून ठेवा. ग्रुपचॅटचे स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कारण चॅट पुसले जातात. मग क्रमाने: चॅप्टरचा सल्लागार, फ्रॅटर्निटी-सोरोरिटी कार्यालय, विद्यापीठाचं समान संधी किंवा नागरी हक्क कार्यालय, राष्ट्रीय मुख्यालय. चॅप्टरच्या सल्लागाराबद्दलच तक्रार असेल तर पहिली पायरी सोडा. व्हिसाची भीती वाटत असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात कुणाला तरी सोबत घेऊन जा. वंशभेदाची तक्रार केली म्हणून तुमच्या व्हिसावर गदा येत नाही. आणि विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राला कमी लेखू नका. अलाबामात बदल तिथूनच सुरू झाला.

११. बिड आलं नाही तर

रशमध्ये नाकारलं जाणं फार लागतं, विशेषतः शेजारच्या खोलीतली मुलगी नवीन टी-शर्ट घालून नाचत येते तेव्हा. दोन दिवस द्या. मग पॅनहेलेनिक कार्यालयाला ‘कंटिन्युअस ओपन बिडिंग’ कुठल्या घरांत चालू आहे ते विचारा. जागा उरलेली घरं वर्षभर सभासद घेतात आणि तिथलं वातावरण बरेचदा निवांत असतं. बहुसांस्कृतिक संस्थांची माहितीसत्रं जानेवारीत पुन्हा लागतात, त्यांची तारीख डिसेंबरच्या परीक्षेआधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. दरम्यान त्यांच्या एखाद्या सेवाकार्याला अर्धा दिवस जाऊन या, आणि तिथे तुमचं नाव कोण बरोबर घेतं ते ऐका.